अंगणातलं काम करताना या चुका टाळा

अंगणात कुणी पडलं, कुणाचं बोट कापलं की कारण एकच सांगतात: ‘अहो, दोन मिनिटांचंच काम होतं.’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी तसं म्हणालं की मी आधी त्याच्या पायांकडे बघतो. बहुतेकदा स्लिपरच असते.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते शिडीवरून. जी फांदी कापायची, तिलाच शिडी टेकवायची! आणि हा प्रताप मी स्वतः केलेला आहे. बसल्या फांदीवर घाव घालण्याइतका शेखचिल्ली मी नव्हतो. शिडी खोडाकडच्या बाजूला, करवत तिच्या पलीकडे, टोकाकडे. हिशेब चोख वाटत होता. टोक कडाडून खाली गेलं आणि वजन उतरलेली उरलेली फांदी हातभर वर उसळली. शिडीचं वरचं टोक जिला टेकलं होतं ती फांदीच जागेवर राहिली नाही. सात-आठ फुटांवरून खाली आलो. करवत आधीच हातातून सुटून लांब पडली होती, एवढं नशीब. उजवं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत रोज सकाळी त्या फांदीची आठवण काढली.

तेव्हापासून शिडी टेकते ती खोडाला, आणि वर दोरीने बांधल्याशिवाय करवत हातात घेत नाही. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, एवढा उतार ठेवतो. मोजपट्टी लागत नाही: शिडीच्या पायाला बोटं लावून ताठ उभं राहायचं, हात खांद्याच्या रेषेत समोर धरायचे, तळवे पायरीवर टेकले की झालं. वरून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची शिडी तिकडे न्यायचीच नाही. जाड फांदी एका दमात कापायला जाऊ नका, साल सोलत ती खोडापर्यंत फाटते. आधी खोडापासून फूटभरावर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं पुढे, टोकाकडे, वरून, आणि शेवटी उरलेलं खुंट. अशाने वेळ जास्त जातो, हे मान्य. घाई असेल त्याने फांदी तशीच राहू द्यावी, झाडाची काही तक्रार नसते.

दुसरा राग ब्रश कटरचा, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेल्या गवत कापायच्या मशीनचा, गार्ड काढून फिरणाऱ्यांवर. ‘गार्ड काढला की गवत अडकत नाही’ हा सल्ला नवशिक्यांना फार आवडतो. त्याच गार्डवर खडे आपटून थांबतात, नाहीतर ते थेट नडगीवर येतात. गार्ड असला तरी खडे बाजूला उडतातच, म्हणून मशीन चालू असताना पंधरा मीटरच्या आत माणूस, मूल, कुत्रं कुणी नको. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल हवाच; नंबरचा चष्मा त्यासाठी नसतो.

गवत अडकलंच तर? बटण बंद केल्यावरही पातं काही क्षण फिरत राहतं. विजेच्या मशीनचा प्लग उपसा, बॅटरीवाल्याची बॅटरी काढा, पेट्रोलवाल्याची स्पार्क प्लगची टोपी ओढा. मगच अडकलेलं काढा, तेही काठीने. हाताने ढकलायच्या, इंजिन नसलेल्या गवत कापायच्या मशीनमध्येसुद्धा अडकलेलं पातं मोकळं होताना झटक्याने फिरतं आणि बोट तिथेच असतं.

गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. फवारणी वाऱ्याकडे पाठ करूनच. माती भरलेली कुंडी कमरेतून वाकून उचलू नका. गुडघे वाकवा, नाहीतर सरळ सरकवा. दाताळं जमिनीवर दात वर करून ठेवणाऱ्याला माझ्या अंगणात परत काम मिळत नाही.

जखमेबद्दल एक गैरसमज फार पसरलाय: ‘गंजलेलं नव्हतं, मग इंजेक्शन कशाला?’ धनुर्वाताचा गंजाशी संबंध नाही, त्याचे जंतू मातीत असतात. स्वच्छ खुरप्याने कापलं तरी जखमेत माती गेलीच. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते, आणि जखम खोल किंवा मातकट असेल व शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं हे कुणाला आठवत नाही, म्हणून मी तारीख अवजारांच्या कपाटाच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवलीय.

आणि गमबूट त्याच कपाटात, सगळ्यात खाली. घालण्याआधी उलटे करून दोनदा आपटतो. एकदा आतून विंचू पडला होता.