इंग्रजी क्रियाविशेषणं: प्रकार कसा ओळखायचा, शब्द कुठे ठेवायचा

क्रियाविशेषणांचे प्रकार पाठ असूनही वाक्य चुकतं, कारण शब्दाची वाक्यातली जागा बऱ्याच अंशी प्रकारावरून ठरते आणि नेमकं तेच शिकायचं राहतं.

आधी क्रियापद शोधा आणि त्याला प्रश्न विचारा. कसं? उत्तर 'स्लोली', 'वेल' आलं तर रीतिवाचक. कुठे? 'हिअर', 'आउटसाइड' स्थलवाचक. कधी? 'यस्टरडे', 'सून' कालवाचक. किती वेळा? 'ऑलवेज', 'रेअरली' वारंवारतादर्शक. 'व्हेरी', 'टू', 'इनफ' हे परिमाणवाचक. ते बहुधा विशेषणाला किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाला चिकटतात.

शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, या ठोकताळ्यावर विसंबू नका. 'ली' काढून पाहा: मागे विशेषण उरलं (स्लो, क्विक) तर क्रियाविशेषण, नाम उरलं (फ्रेंड, कॉस्ट) तर बहुधा विशेषण. उलट 'फास्ट' आणि 'हार्ड' यांना क्रियाविशेषण व्हायला 'ली' लागतच नाही. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो. एका शेपटाने अर्थ उलटा!

आता जागा. 'ती काल इथे छान गायली' याचं इंग्रजी 'शी सँग ब्यूटिफुली हिअर यस्टरडे'. क्रम बरोबर आरशासारखा उलटा झाला: मराठीत काळ, स्थळ, रीत आणि मग क्रियापद, इंग्रजीत क्रियापद, रीत, स्थळ, काळ. 'गो', 'कम' यांसारख्या क्रियापदांनंतर मात्र स्थळ सहसा आधी येतं. कर्म असेल तर ते क्रियापदाला लागूनच ठेवा: 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली'. 'स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश' ही चूक फार ऐकू येते.

वारंवारतेचे शब्द सहसा मध्ये बसतात. मुख्य क्रियापदाआधी: 'शी ऑलवेज कम्स लेट'. 'इज', 'आर', 'वॉज' नंतर: 'शी इज ऑलवेज लेट'. सहायक क्रियापदं दोन असतील तर पहिल्यानंतर: 'ही हॅज नेव्हर बीन टोल्ड'.

परिमाणवाचक शब्द आधी येतो, पण 'इनफ' विशेषणाच्या मागे जातो: 'बिग इनफ'. आणि 'खूप'साठी सरसकट 'टू' वापरू नका. 'टू हॉट' म्हणजे नको इतकं गरम. आनंद सांगायचा असेल तर 'व्हेरी हॅपी' म्हणा.