एक रचना, तीन वादक: रोमँटिक पियानो आणि चेंबर संगीताची ध्वनिमुद्रणे घरी कशी ऐकावीत

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पियानो संगीत आणि चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांनी प्रत्येकी आपापली स्वतंत्र ओळ सांभाळत वाजवायचे संगीत, हे मोठ्या प्रमाणावर खोलीत वाजण्यासाठी लिहिले गेले. शूबर्टच्या रचना व्हिएन्नातील मित्रांच्या घरी भरणाऱ्या बैठकींत ऐकल्या जात. पियानोवादक-रचनाकार शोपँने आयुष्यभरात जेमतेम तीसेक जाहीर कार्यक्रम केले आणि एरवी तो पॅरिसमधील दिवाणखान्यांत, थोड्या लोकांसमोर वाजवत असे. सोलापुरात या संगीताची प्रत्यक्ष मैफल दुर्मीळ असली, तरी त्याची ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी आपल्या घरातील बाहेरची खोली पुरेशी आहे. नव्याने ऐकू लागलेल्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा, की संग्रह वाढवण्याच्या मागे लागू नये; चार-पाच रचना निवडाव्यात आणि त्यातील प्रत्येक रचना किमान तीन वेगवेगळ्या वादकांकडून ऐकावी. रचना कागदावर एकच असते, पण ती वाजते तेव्हा वादकाचा विचार तिच्यात उतरतो, आणि तो विचार तुलनेशिवाय कानाला पकडता येत नाही.

आधी खोलीकडे लक्ष द्यावे. आपल्याकडील शहाबादी फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती आणि मोजके लाकडी सामान यांमुळे आवाज खोलीत घुमतो आणि पियानोचे लागोपाठ येणारे स्वर एकमेकांत मिसळतात. यावर सोलापुरात महाग उपाय शोधण्याची गरज नाही. जाड सोलापुरी चादर दुहेरी करून स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर, भिंतीपासून चार-सहा बोटे अंतर ठेवून टांगली आणि फरशीवर एखादी सतरंजी अंथरली, की वरच्या स्वरांचा घुमारा स्पष्टपणे कमी होतो. खर्जातील घुमारा मात्र कापडाने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढून भिंतीपासून दूर ठेवावेत. दोन्ही स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असावेत आणि ते दोन व श्रोता यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा.

वेळही विचारपूर्वक निवडावी. या संगीतातील सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर फार असते. शूबर्टच्या संथ भागात असे क्षण येतात की ते पंख्याच्या आवाजाखालीही बुडून जातात. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना यंत्रमागांची खडखड सांगायला नको. पहाटेची वेळ किंवा रात्री दहानंतरची वेळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करणे अशक्य असेल, तर कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, जवळ राहणाऱ्यांनी नव्या रचनेला हात न घालता ओळखीचे काही ऐकावे, हे बरे.

मोबाइलवरून ऐकणाऱ्यांनी ॲपमध्ये काही गोष्टी एकदाच नीट लावून घ्याव्यात. गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोय बंद करावी, कारण एका रचनेचे तीन-चार भाग ठरलेल्या क्रमानेच ऐकायचे असतात. सर्व आवाज एका पातळीवर आणणारी सोयही बंद ठेवावी, नाहीतर त्याच रचनेचा हळू भाग आणि जोरकस भाग यांतील फरक बिघडण्याची शक्यता राहते. शोध घेताना रचनाकाराच्या नावापुढे रचनेचा क्रमांक आणि वादकाचे नाव द्यावे. नुसते ‘शोपँ नॉक्टर्न’ (नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या शांत भावाची छोटी पियानो रचना) लिहिले, तर पाऊस आणि पाण्याचे आवाज मिसळलेल्या, वादकाचे नावही नसलेल्या झोपेच्या याद्याच पुढे येतात. ओपस हा प्रकाशनाचा क्रमांक असतो, तर शूबर्टच्या रचनांना ओटो एरिख डॉइच या अभ्यासकाने केलेल्या सूचीतील ‘डी’ क्रमांक लावतात.

आता प्रत्यक्ष ऐकण्याकडे वळू. मराठी कानाला सर्वांत सोपा प्रवेश चेक रचनाकार द्वोर्झाकच्या ओपस ९६ या स्ट्रिंग क्वार्टेटमधून, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला (व्हायोलिनहून थोडे मोठे व खालच्या स्वराचे वाद्य) आणि एक चेलो यांच्या रचनेतून मिळतो, असे माझे मत आहे. द्वोर्झाक न्यूयॉर्कमध्ये नोकरीला असताना १८९३ च्या उन्हाळ्यात आयोवा राज्यातील स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी राहायला गेला आणि तेथे ही रचना त्याने थोड्याच दिवसांत लिहिली. पहिल्या भागाची मुख्य सुरावट व्हिओलावर येते आणि ती पाच स्वरांत, आपल्या भूपाच्या स्वरांशी जुळणारी आहे. पहिल्यांदा ऐकताना फक्त त्या सुरावटीचा माग काढावा: ती व्हिओलाकडून व्हायोलिनकडे कशी जाते आणि तेव्हा उरलेले तिघे काय करतात. रागाच्या विस्ताराची अपेक्षा येथे ठेवू नये. येथे स्वर तोच राहून त्याखालची स्वरसंगती बदलते, आणि त्या बदलामुळे त्याच स्वराचा भाव पालटतो. चेक वादकांच्या परंपरेतील स्मेताना क्वार्टेट किंवा पानोखा क्वार्टेट यांचे मुद्रण आधी घ्यावे.

दुसरी रचना शोपँची, ओपस ९ मधील दुसरे नॉक्टर्न. चार-साडेचार मिनिटांच्या या रचनेत मूळ सुरावट पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी अधिक नटून येते. डाव्या हाताची लय शक्य तितकी स्थिर असावी आणि उजव्या हाताने तिच्यावर मोकळेपणाने मागेपुढे व्हावे, अशी शोपँची शिकवण त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे; ठेका न हलवता गायक मुखड्याला थोडा उशिरा, थोडा लवकर भिडतो, तसेच हे असल्यामुळे आपल्याकडील श्रोत्याला ते समजावून सांगावे लागत नाही. आर्थर रुबिनस्टाइनने नॉक्टर्न तीनदा मुद्रित केली: १९३० च्या दशकात, १९५० च्या सुमारास आणि पुन्हा १९६० च्या दशकात, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. पहिले आणि शेवटचे मुद्रण एकापाठोपाठ ऐकावे. पहिल्या मुद्रणात लय अधिक लवचिक आहे. उतारवयातील वादन सरळ, रुंद आणि जवळजवळ निरलंकार वाटते. त्यानंतर राउल कोचाल्स्कीचे जुने मुद्रण शोधावे. तो कारोल मिकुलीचा शिष्य आणि मिकुली स्वतः शोपँचा, त्यामुळे गुरुपरंपरेला मान देणाऱ्या आपल्यासारख्या श्रोत्यांना त्याच्या वादनाचे विशेष मोल वाटावे. छापील प्रतीत नसलेल्या काही हरकती त्यात ऐकू येतात. अलीकडच्या काळातील मारिया झुआओ पिरेशचे मुद्रण चौथे म्हणून ठेवता येईल.

या दोन रचना ओळखीच्या झाल्या की शूबर्टकडे जावे, आणि येथे घाई करू नये. १८२८ च्या सप्टेंबरमध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी पूर्ण केलेली त्याची शेवटची पियानो सोनाटा (अनेक भागांची मोठी रचना), डी ९६०, हिचा पहिला भाग म्हणजे वादकांच्या स्वभावांचे जणू प्रदर्शनच आहे. आरंभीची शांत सुरावट थांबते तेथे अगदी खर्जात एक दबका, थरथरणारा ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची झपाट्याने होणारी अदलाबदल, येतो आणि मग स्तब्धता येते. तो ट्रिल किती हळू वाजवला आहे आणि नंतरची स्तब्धता किती लांबवली आहे, एवढ्या दोन गोष्टींवरून पुढील सगळ्या वादनाचा अंदाज बांधता येतो. स्व्यातोस्लाव रिश्तरच्या १९७२ च्या मुद्रणात हा एकच भाग जवळपास २४ मिनिटे चालतो; आल्फ्रेड ब्रेंडेलकडे तो सुमारे १५ मिनिटांत संपतो. हा फरक केवळ लयीचा नाही. शूबर्टने या भागाचा पहिला खंड पुन्हा वाजवण्याची खूण केली आहे. रिश्तर ती पाळतो, ब्रेंडेल पाळत नसे आणि आपली भूमिका त्याने लेखांतून मांडलीही होती. मात्र पुनरावृत्ती गाळली की मागे वळण्याच्या जागी असलेले काही बारही (मात्रांचे छोटे गट) गळतात, आणि तो ट्रिल संपूर्ण जोराने गर्जतो अशी एकमेव जागा नेमकी त्यांतच आहे. माझा कौल पुनरावृत्तीच्या बाजूचा आहे, कारण ती गर्जना एकदा ऐकल्यावर आरंभीच्या दबक्या ट्रिलमधील धोका खऱ्या अर्थाने कळतो. तरीही ब्रेंडेलचे मुद्रण टाळू नये. त्याच्याकडे रचनेचा बांध अधिक घट्ट ऐकू येतो. मुद्रण निवडताना भागाची लांबी पाहण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी: दोन मुद्रणांत पाच-सहा मिनिटांचा फरक दिसला, तर बहुधा पुनरावृत्ती गाळलेली असते.

त्याच महिन्यांतील डी ९५६ हे स्ट्रिंग क्विंटेट दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि दोन चेलो अशा पाच वाद्यांसाठी आहे. शूबर्टच्या हयातीत ते जाहीररीत्या वाजले नाही. प्रकाशित झाले ते १८५३ मध्ये. दुसरा, संथ भाग ऐकताना मधली तीन वाद्ये दीर्घ स्वर धरून बसलेली असतात, वर पहिले व्हायोलिन तुटक बोलते आणि खाली दुसरा चेलो बोटांनी तारा छेडतो. नीट लावलेल्या खोलीत हे तीन थर वेगळे ऐकू यायला हवेत. ते एकत्र गोळा होऊन येत असतील, तर स्पीकरची जागा बदलून पाहावी. पाब्लो कासाल्स, आयझॅक स्टर्न आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्राद येथे केलेले मुद्रण खरबरीत आणि अतिशय जिव्हाळ्याचे आहे. आल्बान बेर्ग क्वार्टेटने चेलोवादक हाइनरिख शिफसोबत केलेले मुद्रण नितळ आणि ताणलेले आहे. पहिल्या ओळखीसाठी दुसरे घ्यावे, मग पहिल्याकडे यावे. शूबर्टची उन्हासारखी प्रसन्न बाजू हवी असेल, तर पियानो आणि चार तंतुवाद्यांचे ‘ट्राउट’ क्विंटेट ऐकावे. १९६९ मध्ये लंडनला झालेल्या त्याच्या चित्रित कार्यक्रमात बॅरेनबॉइम, पर्लमन, झुकरमन आणि जॅकलिन द्यु प्रे यांच्यासोबत डबल बास वाजवणारा तरुण म्हणजे मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता.

ब्राम्सचे ओपस ११५, क्लॅरिनेट हे फुंकवाद्य आणि चार तंतुवाद्ये यांचे क्लॅरिनेट क्विंटेट, मी मुद्दाम शेवटी ठेवतो. १८९० मध्ये लेखन थांबवण्याच्या विचारात असलेल्या ब्राम्सने १८९१ च्या आरंभी माइनिंगेनच्या वाद्यवृंदातील रिखार्ड म्यूलफेल्ट या वादकाचा क्लॅरिनेट ऐकला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ही रचना लिहिली. दुसऱ्या भागाच्या मध्यावर क्लॅरिनेट अचानक बंधमुक्त होऊन हंगेरियन जिप्सी वादकांच्या ढंगात धावतो. सनईचा आलाप कानांत असलेल्या माणसाला ही जागा लगेच भिडते. रेजिनाल्ड केल आणि बुश क्वार्टेट यांचे १९३७ चे मुद्रण, तसेच कार्ल लाइस्टर आणि आमाडेउस क्वार्टेट यांचे मुद्रण ही जोडी तुलनेसाठी उत्तम आहे.

केलचे मुद्रण ऐकताना खरखर येईल. तेव्हाच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साडेचार मिनिटांच्या आसपास संगीत मावत असे, त्यामुळे वादकांना दर बाजूला थांबून पुन्हा त्याच भावात सुरुवात करावी लागे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकलेल्या घरांत ही खरखर परकी वाटण्याचे कारण नाही. दहा मिनिटांत कान तिला बाजूला सारतो. १९२५ मध्ये विद्युत मुद्रण आले, त्यापूर्वीची कर्ण्यात केलेली मुद्रणे सुरुवातीला टाळावीत. एकाच जुन्या मुद्रणाच्या अनेक नव्या आवृत्त्या मिळतात. ज्यात थोडी खरखर शिल्लक ठेवली आहे ती घ्यावी, कारण खरखर पूर्ण पुसताना व्हायोलिनची चमकही पुसली जाते. चुकलेल्या स्वरांनीही बिचकू नये. पियानोवादक आल्फ्रेड कोर्तोच्या वादनात ते आहेत, पण शुमानचे संगीत त्याच्यासारखे बोलते करणारे वादक विरळा. दिनू लिपातीने १९५० च्या सप्टेंबरमध्ये, गंभीर आजारी असताना, बेझाँसों येथे दिलेला अखेरचा कार्यक्रम मुद्रित झालेला आहे. शोपँच्या ठरलेल्या चौदा वॉल्ट्झपैकी (तीन मात्रांच्या नृत्याच्या चालीवरील रचना) तेरा त्याला वाजवता आले. स्टुडिओतील निर्दोष वादनाच्या शेजारी असे एक मुद्रण संग्रहात असावेच.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणून १९६० पूर्वी प्रकाशित झालेली मुद्रणे येथे मोकळेपणाने उतरवून ठेवता येतात. सीडीच्या दर्जाची एक तासाची मूळ फाइल सुमारे ६३५ एमबी जागा घेते आणि गुणवत्ता न गमावता आकुंचित केली तर साधारण निम्मी. ज्यांच्याकडे एलपी आहेत त्यांनी त्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत, आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर मुळीच ठेवू नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीजवळ तबकडी वाकते आणि वाकलेली तबकडी पुन्हा सरळ करणे जवळजवळ अशक्य असते.

एक वही ठेवावी. तीत रचनेचा क्रमांक, वादक, मुद्रणाचे वर्ष, प्रत्येक भागाची लांबी, पुनरावृत्ती पाळली की नाही, आणि एखाद्या ठरावीक जागेविषयी दोन ओळी लिहाव्यात. ‘छान’, ‘अप्रतिम’ असे शब्द टाळून काय ऐकू आले तेवढेच लिहावे. शक्य झाल्यास रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कला केंद्रात एखादे क्वार्टेट प्रत्यक्ष ऐकावे, म्हणजे घरी आवाज किती ठेवायचा याचे माप मिळते. पाचही रचनांची पाने भरली, की शुमानचे ओपस ४४ हे १८४२ मधील पियानो क्विंटेट आणि त्याच्या शेजारी ब्राम्सचे ओपस ३४ हे पियानो क्विंटेट घ्यावे. वाद्ये तीच पाच आहेत, म्हणून दोन्हींत पियानो चौघांच्या पुढे केव्हा येतो आणि मागे केव्हा सरतो, याची नोंद समोरासमोरच्या पानांवर करावी.