पदवीच्या वर्षांतच संगणक संशोधन करून बघायचंय? या चुका टाळा

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एक वाक्य मी सतत ऐकते: "मॅडम, अजून एक कोर्स होऊ दे, मग संशोधनाचं बघतो." तो कोर्स संपतो, दुसरा सुरू होतो आणि बघता बघता नोकरीच्या मुलाखती येऊन ठेपतात. संशोधन आपल्याला आवडतं का हे कळायच्या आतच त्याबद्दलचा निर्णय होऊन गेलेला असतो. पदवीच्या काळातल्या संशोधनातून मिळवायचं ते एवढंच: हे काम आपल्याला रुचतं का, ते स्वतः करून बघायचं. पेपर छापून आला तर आनंदच, पण तो नंतरचा भाग. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

"आधी सगळं शिकून घेतो"

वर्गात प्रश्न तयार मिळतो आणि त्याचं उत्तर कुणाला तरी माहीत असतं. संशोधनात बऱ्याचदा प्रश्नसुद्धा आपल्यालाच नीट मांडावा लागतो. म्हणून "पूर्ण तयारी झाली" असा दिवस कधी उजाडत नाही. बऱ्यापैकी प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स, थोडी संभाव्यता आणि रेषीय बीजगणित एवढ्या शिदोरीवर सुरुवात करता येते. पुढचं काय शिकायचं ते हातातलं कामच सांगतं.

अँड्र्यू क्रापिविन अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेत असताना, २०२१ साली, त्याच्या वाचनात पॉइंटर (माहिती मेमरीत कुठे आहे ते सांगणारा पत्ता) कमी जागेत बसवण्याविषयीचा एक पेपर आला. त्या कल्पनेशी खेळता खेळता त्याला हॅश टेबलची, म्हणजे माहिती ठेवून ती पटकन शोधण्याच्या तक्त्याची, एक नवी रचना सुचली. अशा टेबलमध्ये शोध किती वेगाने घेता येईल याच्या मर्यादेबद्दल संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओ यांनी १९८५ साली एक अटकळ मांडली होती. ती या रचनेमुळे खोटी ठरली. अशी काही अटकळ आहे हेच क्रापिविनला माहीत नव्हतं! यातून कुणी "वाचायची गरज नाही" असा अर्थ काढू नये. एक पेपर कुतूहलाने वाचला म्हणूनच तर हे घडलं, आणि २०२५ मध्ये आलेल्या शोधनिबंधात त्याच्याबरोबर दोन अनुभवी संशोधक होते.

ज्याची चर्चा जास्त, तोच विषय

सध्या येणारा जवळपास प्रत्येक विद्यार्थी मशीन लर्निंग (डेटावरून संगणकाला शिकवणं) मागतो. विषय चांगला आहे, पण संगणकशास्त्र त्याहून खूप मोठं आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क, सुरक्षा, प्रोग्रामिंग भाषा, अल्गोरिदमचा सिद्धांत, माणूस आणि संगणक यांच्यातला संवाद, जीवशास्त्रातली गणनं, या सगळ्यांत उघडे प्रश्न पडलेले आहेत आणि काही ठिकाणी हात कमी आहेत. कुठल्या असाइनमेंटला बसलात की वेळेचं भान राहत नव्हतं, ते आठवा. विषय निवडायला एवढी खूण पुरते.

"वीस जणांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही"

असे मेल मी पाहिले आहेत. सुरुवात "आदरणीय सर/मॅडम", मग गुणांची यादी, मग "आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करण्याची तीव्र इच्छा आहे". हा मेल कुणालाही पाठवता येतो, म्हणून तो कुणालाच आपल्यासाठी लिहिलेला वाटत नाही.

त्याऐवजी त्या व्यक्तीचा एखादा अलीकडचा पेपर काढा. कुणी काय लिहिलंय ते शोधायला डीबीएलपी ही संगणकशास्त्रातल्या पेपरांची ऑनलाइन सूची आहे आणि बऱ्याच पेपरांची मोफत प्रत १९९१ पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर मिळते. पेपर सगळा कळला नाही तरी चालेल. मग आठ-दहा ओळी लिहा: मी अमुक वर्षाला आहे, तुमचा हा पेपर वाचला, तिसऱ्या प्रयोगात डेटा वाढवल्यावर वेग का घसरला ते मला कळलं नाही, मी तो कोड चालवून पाहिला तर असं दिसलं, आठवड्याला आठ तास देऊ शकतो, पंधरा मिनिटं भेटता येईल का? सोबत एक पानाचा बायोडेटा आणि कोडचा दुवा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच नम्र आठवण करा, नाहीतर पुढच्या नावाकडे वळा. उत्तर न येण्याचं कारण बहुतेक वेळा तुंबलेली मेलपेटी असते. त्यात तुमची परीक्षा झालेली नसते.

आणि ज्यांच्या वर्गात बसता त्या शिक्षकांना आधी विचारा. हा सगळ्यात सोपा दरवाजा विद्यार्थी का विसरतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

पेपर पहिल्याच पानावर अडकतो

कारण तो गोष्टीच्या पुस्तकासारखा पहिल्या ओळीपासून वाचला जातो. संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांनी २००७ साली एका छोट्या टिपणात तीन फेऱ्यांची पद्धत सांगितली आणि ती आजही कामाला येते. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटांत शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं आणि निष्कर्ष. दुसरीत तासाभरात आकृत्या आणि मुख्य युक्तिवाद, सिद्धता बाजूला ठेवून. तिसरीत तो पेपर आपणच लिहितोय असं धरून प्रत्येक गृहीतक तपासायचं. बहुतेक पेपर पहिल्या फेरीतच बाजूला ठेवायचे असतात आणि त्यात गैर काही नाही.

निकाल वाईट आला, किंवा फारच चांगला आला

वाईट निकालाला सगळे घाबरतात. मला जास्त धास्ती चांगल्या निकालाची वाटते. पहिल्याच प्रयत्नात अचूकता ९९ टक्के आली तर पेढे वाटायच्या आधी डेटा तपासा. एकाच माणसाचे फोटो शिकवणीच्या डेटात आणि चाचणीच्या डेटात, दोन्हीकडे गेलेत का? एकच नोंद दोनदा आली आहे का? सरासरी काढून डेटा समपातळीवर आणताना चाचणीचा भागही धरला गेला का? ही गळती फार सहज होते. उपाय एकच: डेटाची विभागणी सगळ्यात आधी करायची आणि चाचणीचा भाग शेवटपर्यंत उघडायचा नाही.

वेग मोजत असाल तर एकदा चालवून आलेला आकडा टेबलात टाकू नका. पहिल्या वेळी फाइल डिस्कवरून येते, दुसऱ्या वेळी कॅशमधून (मेमरीतल्या वेगवान साठ्यातून), त्यामुळे आकडे बदलतात. अनेकदा चालवा, आकडे किती मागेपुढे होतात तेही लिहा, आणि त्या वेळी मशीनवर दुसरं काही चालू नाही ना ते बघा.

दुसऱ्याच्या पेपरातले आकडे तुमच्याकडे येत नसतील तर क्रमाने जा: लायब्ररीची आवृत्ती, डेटाची पूर्वप्रक्रिया, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या), मग बाकीच्या सेटिंग. एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आकडा सुधारला, तर नेमकं कशामुळे ते कळायचा मार्ग तुम्ही स्वतःच बंद केलात. प्रत्येक प्रयोगाची तारीख, कोडची कमिट (त्या वेळी जपून ठेवलेली आवृत्ती) आणि निकाल वहीत टिपून ठेवा. तरीही जुळलं नाही तर लेखकांना नेमका प्रश्न विचारा. बरेचजण आनंदाने उत्तर देतात.

काम झालं नाही म्हणून तोंड लपवणं

संशोधन मध्येच सुटतं त्यामागे मला हेच कारण सगळ्यात जास्त वेळा दिसलंय. परीक्षा येते, आठवडा कोरा जातो, संकोच वाटतो म्हणून भेट टळते, दुसऱ्या आठवड्यात तो संकोच दुप्पट होतो, आणि महिन्याने एक हुशार मुलगी गायब झालेली असते. काम झालं नसेल तरी भेटायला जा. दर आठवड्याला पाच ओळी पाठवा: काय केलं, कुठे अडलं, पुढे काय. "या आठवड्यात परीक्षा होती, काही केलं नाही" हीसुद्धा पूर्ण नोंद आहे. दोन-तीन तास एकाच ठिकाणी अडलात तर काय काय करून पाहिलं ते लिहून विचारा.

"उत्तर उलटं आलं, म्हणजे प्रकल्प फसला"

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या शाखेत पदवी करणाऱ्या युइन टँगला तिथले प्राध्यापक स्कॉट आरनसन यांनी एक काम दिलं होतं. ग्राहकाला आवडीच्या गोष्टींच्या शिफारशी सुचवण्याच्या एका प्रश्नासाठी २०१६ मध्ये क्वांटम संगणकावर चालणारा वेगवान अल्गोरिदम निघाला होता. साध्या संगणकावर तेवढा वेग शक्य नाही, हे तिने सिद्ध करायचं होतं. सिद्धता जुळेना. शेवटी २०१८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने साध्या संगणकासाठीच तसा वेगवान अल्गोरिदम मांडला. प्रयोग उलटा पडला तर आधी चूक शोधा, आणि चूक सापडली नाही तर निकालावर विश्वास ठेवून पुढे विचार करा.

तीन दिवसांत पेपर छापून देणारे

संगणकशास्त्रात नियतकालिकांइतकंच, अनेक शाखांत त्याहून जास्त, वजन परिषदांना असतं. तिथे परीक्षण व्हायला आठवडे-महिने लागतात. पैसे भरा आणि तीन दिवसांत स्वीकृती घ्या, असा मेल आला तर तो पुसून टाका. असा पेपर पुढे प्रवेशाच्या वेळी कुणी नीट पाहिला तर तो तुमच्या विरोधातच जातो. चांगल्या परिषदेतलं पोस्टर किंवा कार्यशाळेतला छोटा लेख याहून कितीतरी मोलाचा.

संशोधन म्हणजे फक्त प्राध्यापकी

उद्योगांच्या प्रयोगशाळा जुन्या आहेत. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम १९६९ मध्ये बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू झालं. आज संशोधक वैज्ञानिकाच्या जागेसाठी सहसा पीएचडी मागतात, पण संशोधन अभियंता म्हणून पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणावरही प्रवेश मिळू शकतो. शास्त्रज्ञांसाठी नीट टिकणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना २०१२ पासून "रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर" हे स्वतःचं नाव मिळालं आहे. ज्यांना कोडही आवडतो आणि विज्ञानही, त्यांनी ही वाट जरूर बघावी. पीएचडीचा विचार असेल तर प्राध्यापकांबरोबरच तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांशी बोला. रोजचा दिवस कसा जातो, हे तेच खरं सांगतात.

मार्गदर्शकांनाही एक विनंती. नव्या मुलांना नुसतं डेटाला लेबल लावायला बसवू नका. ते काम द्यायचंच असेल तर त्यातून कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे ते आधी सांगा आणि चार आठवड्यांत टोकाला जाईल असा एक तुकडा त्यांच्या नावावर द्या.

न सांगता सोडून जाणं

करून बघितलं आणि नाही रुचलं, तर तेही हवं असलेलंच उत्तर आहे. फक्त सांगून थांबा. कोड कुठे आहे, तो चालवायचा कसा, काय जमलं आणि काय जमलं नाही, हे दोन पानांत लिहून द्या. आयआयटी कानपूरमध्ये २००१ साली दोन विद्यार्थ्यांनी मूळ संख्या ओळखण्याच्या प्रश्नावर बी.टेक.चा प्रकल्प केला. तो प्रश्न त्यांच्याकडून सुटला नाही. पुढच्या वर्षी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आपल्या बी.टेक. प्रकल्पात तो धागा पुढे नेला, आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये आपले मार्गदर्शक मणींद्र अग्रवाल यांच्यासह त्यांनी तो प्रश्न सोडवणारा अल्गोरिदम जाहीर केला. २००४ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधाच्या संदर्भांत २००१ चा तो प्रकल्पही आहे.