फ्रिज थांबलाच नाही, यीस्ट मात्र थांबलं: माझा अनुभव
घरी बनवत असलेली बिअर फ्रिजमध्ये आंबवायला ठेवून बाहेर गेलो होतो. दोन दिवसांनी घरी आलो तर एअरलॉकमध्ये (भांड्यातला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप) एकही बुडबुडा नाही. तापमान नियंत्रकाचा सेन्सर निसटून फ्रिजबाहेर लोंबकळत होता. त्याला खोलीची ऊब लागत राहिली, म्हणून फ्रिज अखंड चालला आणि १९ अंशांवर ठेवलेली एल (उबदार तापमानात आंबवतात ती बिअर) ७ अंशांवर उतरली. यीस्ट तळाशी बसलं होतं. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०३४ दाखवत होता, सुरुवात १.०५२ होती; म्हणजे बरीच साखर अजून आंबायची बाकी होती.

अशी बिअर बाटलीत भरणं धोक्याचं. यीस्ट आत जागं झालं की बाटल्या फुटतात.

आधी २० अंशांपर्यंत हळूहळू ऊब दिली, झाकण न उघडता भांडं अलगद फिरवलं. हलवाहलव नको, कारण हवा मिसळली की ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. दोन दिवसांनीही आकडा तोच.

मग १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क (मोड आणलेल्या धान्याचा गोड अर्क) उकळून थंड केला, त्यात नवं यीस्ट टाकलं आणि चांगला फेस आल्यावरच ते बिअरमध्ये ओतलं. कोरडं यीस्ट थेट टाकलं असतं तर अल्कोहोल असलेल्या, प्राणवायू संपलेल्या द्रवात त्याचा निभाव कठीण होता. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले! आकडा १.०१२ वर तीन दिवस स्थिर राहिला, तेव्हाच बाटल्या भरल्या. सेन्सर आता भांड्याला पट्टीने घट्ट बांधलाय.