दहावीनंतर अप्रेंटिसशिप: या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की भांडुप-कुर्ल्याच्या चाळींतून एकच विचारणा सुरू होते: "पोराला कुठं अप्रेंटिस म्हणून चिकटवता येईल का?" आणि मग पहिला प्रश्न, महिन्याला किती मिळतील? शिकवणार कोण आणि शेवटी हातात कुठला कागद पडणार, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्या चुकांचं मूळ तिथंच आहे.

वयाकडे आधी बघा. माझगाव डॉक या सरकारी जहाजबांधणी कंपनीच्या अप्रेंटिस भरतीच्या जाहिरातींत दहावी पास गटाला साधारण १५ ते १९ वर्षं वयाची अट असते. "आधी बारावी होऊ दे, मग बघू" म्हणेपर्यंत ती संधी निघून जाते. रेल्वेच्या परळ, माटुंगा, लोअर परळच्या कारखान्यांत २४ वर्षांपर्यंत घेतात, पण तिथं नुसती दहावी चालत नाही, आयटीआयही लागतं. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, म्हणून "आत ओळख आहे, पन्नास हजार द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सगळ्यात महागात पडते ती तोंडी बोलणी. शेठ म्हणतो, "उद्यापासून ये, शिकशील," आणि पोरगं वर्षभर चहा आणतं, माल उचलतं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार (म्हणजेच अप्रेंटिस) कायद्यात लेखी करार सक्तीचा आहे. मूल अठराच्या आतलं असेल तर करारावर पालकांची सही लागते. ती करताना ट्रेड (म्हणजे शिकायचं काम) कोणता, मुदत किती, विद्यावेतन किती, हे वाचून घ्या. करार असेल तर मशीनवर बोट चिरडलं तरी भरपाईची जबाबदारी मालकावर येते. करार नसेल तर मुलगा तिथं शिकत होता, हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

करार झाला, तरी कामाच्या नावाखाली झाडूच हातात दिला असेल तर? रोज काय केलं ते तारखेनिशी वहीत लिहायला लावा. आधी सुपरवायझरला ट्रेडचा अभ्यासक्रम दाखवून बोला. तरीही फरक पडला नाही तर वही आणि कराराची प्रत घेऊन शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. असे वाद त्यांच्याकडेच जातात. कुठं जायचं ते जवळच्या आयटीआयमध्ये कळेल.

आधार, गुणपत्रिका आणि बँक खातं, तिन्हीवर नाव अक्षरशः एकच हवं. विद्यावेतनातला सरकारी वाटा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि तो नावातल्या एका अक्षरापायी अडकतो.

मुदत संपली की मालकानं नोकरी द्यायलाच हवी, असं कायदा म्हणत नाही. म्हणून ज्यावर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं ती शेवटची परीक्षा चुकवू नका. रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण करून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवलेल्यांना रेल्वेच्याच लेव्हल १ (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. शेवटच्या महिन्यात दुसरीकडे चार पैसे जास्त मिळतात म्हणून निघून गेलेल्या मुलाला त्या जागांसाठी अर्जच करता येत नाही.