चार घरची लहानगी एकत्र येतात तेव्हा

रविवारी चार मित्रपरिवार एका घरी जमले की मोठ्यांच्या गप्पा चालू असताना दीड ते तीन वर्षांची मुले आपापसांत रमतील, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. तयारीची सुरुवात ही अपेक्षा बदलण्यापासून करावी. या वयाची मुले बहुधा एकमेकांशी नव्हे, तर एकमेकांच्या शेजारी खेळतात. एक जण डब्यावर डबा रचत असतो, हातभर अंतरावर दुसरी गाडी फिरवत असते, मध्येच दोघे एकमेकांकडे टक लावून पाहतात आणि पुन्हा आपापल्या उद्योगाला लागतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी संशोधिकेने १९३२ साली याचे वर्णन समांतर खेळ असे केले होते. म्हणून ‘जा, खेळ त्याच्याशी’ असे म्हणत मुलाला पुढे ढकलू नये. आईच्या मांडीवरून नुसते पाहत बसणे हाही त्याचा सहभागच असतो.

वेळ सकाळी दहा ते साडेबाराची ठरवावी. एक ते दोन वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसह दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते, आणि झोपेची वेळ टळली की पुढचा सगळा वेळ रडारडीत जातो.

पाहुणे येण्याआधी यजमानांनी एकदा जमिनीवर बसून मुलांच्या उंचीवरून खोली न्याहाळावी. टीपॉयवरचा शेंगदाणे घातलेला चिवडा, सोफ्याखाली गेलेले नाणे, गाणाऱ्या खेळण्यातली बटणासारखी बॅटरी या वस्तू तिथूनच दिसतात. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, तेव्हा ती गिळल्याची नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे. द्राक्षे द्यायची असतील तर उभी चिरून चार फोडी कराव्यात आणि मुलांना खाली बसवूनच खाऊ द्यावा.

खेळण्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा की महागड्या एका वस्तूपेक्षा एकसारख्या दहा वस्तू कामी येतात. स्टीलच्या वाट्या, चमचे, झाकणांचे डबे, रिकामी खोकी भरपूर असली की हिसकाहिसकी निम्म्याने कमी होते. परातीत दोन बोटे पाणी आणि चार वाट्या दिल्या, तर मुले अर्धा तास पाणी इकडचे तिकडे ओतत बसतात. मात्र तेवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकते, म्हणून परातीजवळून मोठ्या माणसाने क्षणभरही उठू नये. यजमान मुलाची जिवापाड लाडकी बाहुली किंवा पांघरूण त्याच्याच हाताने आधी कपाटात ठेवून घ्यावे.

तरीही भांडण होईलच. आमच्या घरी अडीच वर्षांच्या मुलीने लाल ट्रक छातीशी घट्ट धरला होता, समोरच्या मुलाने मागचे चाक पकडले होते आणि आम्ही सगळे वरून ‘दे गं, तो पाहुणा आहे ना’ असे सांगत होतो. हे सांगणे मला आता अन्यायाचे वाटते, कारण हातातली वस्तू दिली तरी ती परत मिळते, हा भरवसा त्या वयात पुरता आलेला नसतो. त्याऐवजी शेजारी बसून शांतपणे म्हणावे, ‘तुला ट्रक हवाय. आत्ता ताईकडे आहे. तिचा झाला की तुझा,’ आणि तोवर त्याच्यासोबत थांबावे. कोणी चावलेच, तर आधी चावा बसलेल्या मुलाला जवळ घ्यावे, जागा साबणपाण्याने धुवावी आणि कातडी फुटली असल्यास डॉक्टरांना दाखवावे. चावणाऱ्याला ‘चावायचं नाही, दुखतं’ एवढेच ठामपणे सांगून बाजूला न्यावे. चारचौघांत त्याला धपाटा घालू नये आणि त्याच्या आईवडिलांकडे रोखून पाहूही नये. या वयातल्या कितीतरी मुलांकडून हे घडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावून एका मोठ्या माणसाने मोबाइल बाजूला ठेवून मुलांमध्ये बसावे. सगळे लक्ष ठेवतील असे म्हटले की कोणीच ठेवत नाही, आणि बाबांनाही पाळ्या द्याव्यात.

निघताना ‘दहा मिनिटांत जायचंय’ याचा मुलांना अर्थबोध होत नाही. ‘अजून दोनदा गाडी फिरवू, मग चपला घालू’ असे सांगावे, आणि दोन फेऱ्या झाल्या की दारात गप्पा न लांबवता खरोखरच निघावे.