मेटार पाठ, हवामान कोरं: शिकाऊ वैमानिकांनो, या चुका टाळा

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) हवामानशास्त्राच्या पेपरात 70 टक्के मिळाले की पास. प्रश्नसंच घोकून तेवढे कुणालाही मिळतात. मग ही पास झालेली मुलं ढगांचे दहा प्रकार घडाघडा म्हणतात आणि त्याच दिवशीचा टॅफ, म्हणजे विमानतळाचा सांकेतिक हवामान अंदाज, समोर ठेवला की गडबडतात. दर बॅचला चुका त्याच, फक्त चेहरे नवे. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

यूटीसी विसरणं

मे महिन्यातली गोष्ट. सीपीएलचे (व्यावसायिक वैमानिक परवाना) तास भरत आलेला एक मुलगा दुपारी दीडला संभाजीनगरच्या सोलो क्रॉसकंट्रीला, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळावर जायला, निघाला होता. तिथे उतरून, थोडं थांबून पाचच्या आत परत, असा बेत. सहीसाठी कागद पुढे केला. म्हटलं, आधी टॅफ वाच. पठ्ठ्याने न अडखळता वाचला: वारा, दृश्यता, ढग, आणि शेवटी टेम्पो (तात्पुरता बदल) 0910/0913, विजांसह पाऊस, सीबी (गडगडाटी ढग). "सर, नऊ तारखेला दहा ते एक वादळ आहे. एक वाजून गेला. आता क्लिअर." बाहेर आभाळ खरंच स्वच्छ होतं, त्यामुळे त्याला जास्तच जोर चढला होता.

टॅफमधले दहा ते तेरा हे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवा: दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसहा. वादळ संपलं नव्हतं, सुरूच व्हायचं होतं, तेही नेमकं परतीच्या वाटेवर. कोड वाचण्यात एक अक्षर चुकलं नव्हतं. घोळ फोनमध्ये होता. त्याचं अ‍ॅप मेटारची (विमानतळावरच्या प्रत्यक्ष हवामानाची नोंद) वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे बदलून दाखवायचं आणि टॅफ मात्र जसाच्या तसा, यूटीसीत. दोन्ही एकाच स्क्रीनवर, एकाखाली एक.

मी सही केली नाही. पोरगं हिरमुसलं, वर "बाकीचे जातात की सर" हेही ऐकवून झालं. साडेचारच्या सुमाराला रनवेच्या पलीकडून धुळीची भिंत उठली. वळीव अजून लांब होता, गडगडाटही धड ऐकू येत नव्हता, पण ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पुढे धावत आली होती. हा झोत ढगाच्या पुढे 15-20 किलोमीटर सहज जातो. दोरांनी बांधलेल्या सेसना हिसके देत होत्या आणि आमचे हे महाशय त्यातल्या एकीच्या स्ट्रटला (पंखाच्या आधारदांड्याला) लोंबकळून तिला धरून उभे होते.

माझी सवय सांगतो. टॅफ कागदावर उतरवून घ्यायचा आणि प्रत्येक गटाखाली पेन्सिलीने भारतीय वेळ लिहायची. अ‍ॅप त्यानंतर, ताळा करायला. मुलांना हे जुनाट वाटतं. वाटू दे.

टेम्पोबद्दलही एक गैरसमज आहे: "आलं तर येईल" असा त्याचा अर्थ लावतात. शक्यता सांगायची असेल तर त्यासाठी प्रॉब 30 आणि प्रॉब 40 (30 किंवा 40 टक्के शक्यता) आहेत. नुसता टेम्पो म्हणजे बदल होणार असंच धरून चाला. फक्त तो एका वेळी तासाभराहून कमी टिकेल आणि सगळे मिळून दिलेल्या काळाच्या निम्म्याहून कमी भरतील, एवढाच दिलासा.

ढगांची उंची कुठून मोजलेली आहे?

विमानतळाच्या जमिनीपासून. समुद्रसपाटीपासून नाही. पुण्याच्या मेटारमध्ये ढगाचा तळ 2000 फूट दिसला की मुलं तोच आकडा अल्टिमीटरवर (उंचीमापकावर) धरून बेत करतात. पुण्याचा विमानतळच 1942 फुटांवर आहे. म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा दाब) लावलेल्या अल्टिमीटरवर तो तळ येतो साधारण 3900 फुटांवर. सिंहगडाचा माथा 4300 फुटांच्या आसपास. म्हणजे गड ढगात आहे. पावसाळ्यात गडावर भजी खायला गेलेल्या प्रत्येकाने हे आतून पाहिलेलं असतं. नकाशावर आखणी करताना मात्र आठवत नाही.

"आठच नॉट आहे सर"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती अज्ञानातून नाही, कंटाळ्यातून होते. उतरायचंय रनवे 29 वर, म्हणजे साधारण 290 अंशांच्या दिशेने, वारा 080 अंशांवरून आठ नॉट. म्हणजे जवळजवळ सात नॉट पाठीमागून. दुसऱ्या बाजूने यायचं तर सगळं सर्किट फिरून यावं लागतं, तेवढा धीर नसतो. सेसना 172 च्या हँडबुकात स्पष्ट लिहिलंय: मागून दर दोन नॉटला अंतर 10 टक्क्यांनी वाढवा, तेही फक्त दहा नॉटपर्यंत. सात नॉटला झाले 35 टक्के. रनवे ओला असेल तर ते आणखी वेगळं.

मोठ्या विमानात, अनुभवी माणसांच्या हातून काय होतं तेही पाहा. 7 ऑगस्ट 2020, कोझिकोड. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं 737. पाऊस. रनवे 28 वरचा पहिला प्रयत्न सोडून दिला, दुसऱ्यांदा रनवे 10 वर, म्हणजे त्याच धावपट्टीवर उलट दिशेने, आले. मागून 14 नॉट वारा. 8858 फुटांच्या रनवेपैकी 4438 फूट मागे पडल्यावर चाकं टेकली, तेव्हा जमिनीवरचा वेग 165 नॉट होता. टेबलटॉप (टोकांना खोल उतार असलेल्या) रनवेवरून विमान खाली गेलं, 21 जण गेले. सहवैमानिकाने "गो अराउंड" (लँडिंग सोडून पुन्हा वर चढा) म्हटलं होतं, हे तपास अहवालात नोंदलेलं आहे. मी तो अहवाल प्रत्येक बॅचला वाचायला लावतो. सारांशाचे व्हिडिओ नकोत, अहवालच. कितीजण पूर्ण वाचतात ते मला पहिल्या दोन प्रश्नांत कळतं.

वाऱ्याचा मागचा-पुढचा हिस्सा प्रत्येक लँडिंगआधी तोंडाने म्हणायचा, आवाज काढून. मी शेजारी बसलेलो असेन तर म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

मेटारच्या शेवटी येणारा नोसिग (मोठा बदल नाही) म्हणजे पुढचे दोन तास. तीन तासांच्या उड्डाणाला त्याचा आधार घेऊ नका.

एप्रिलमध्ये पुण्यात 40 अंश तापमानाला डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) 5400 फुटांच्या घरात जातं. "विमान आज ओढत नाहीये" अशी तक्रार इंजिनीअरकडे नेण्याआधी थर्मामीटर बघा आणि सकाळी सातला उडा.

हिवाळ्यात तापमान आणि दवबिंदू यांच्यात एखादाच अंश उरला असेल तर "ऊन आलं की धुकं जाईल" म्हणून इंजिन सुरू करून बसू नका. उजाडल्यावर ते बरेचदा आधी दाट होतं, मग विरतं.

मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेपासून, टॉवर सांगतो तो चुंबकीय. आपल्याकडे फरक इतका किरकोळ की सवयच लागत नाही. मग आपली मुलं तास भरायला अमेरिकेत जातात, सिअ‍ॅटलकडे हा फरक 15 अंशांच्या आसपास निघतो आणि पहिल्याच आठवड्यात फजिती होते. तिथे दृश्यताही मैलांत आणि दाब पाऱ्याच्या इंचांत, हेही जायच्या आधी हाताखालून घाला.

आणि फोन करायला लाजू नका. ड्यूटीवरच्या हवामान अधिकाऱ्यासमोर रडारचं चित्र असतं. सीबी कुठून कुठे सरकतोय, हे टॅफच्या ओळीत मावत नाही, पण तो दोन मिनिटांत सांगतो. फक्त मार्ग, निघायची वेळ आणि किती फुटांवरून जाणार एवढं लिहून समोर ठेवा, मगच नंबर लावा. नुसतं "सर, आजचं वेदर कसं आहे?" विचारलंत तर तो टॅफच वाचून दाखवेल.